साडेतीन लाख कसे मोजावेत

महाराष्ट्राचे साडेतीन या आकड्यावर जुने प्रेम आहे. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. तेव्हा आयटीत नव्याने लागलेल्या पोराचे पॅकेज साडेतीन लाख असावे, यात नवल ते काय? फरक एवढाच की अर्धे पीठ वणीचे आणि अर्धे शहाणे नाना फडणवीस, हे सगळ्यांना पाठ असते. साडेतीन लाखांतला अर्धा लाख कुठे असतो, हे मात्र दोन-तीन पगार झाल्यावरच कळते. ते आधी कळावे म्हणून ही मार्गदर्शिका.

बी. ई., बी. टेक., एमसीए, बीसीए आणि बी. एस्सी. कॉम्प्युटर झालेल्या सर्वांना ती लागू आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलामुलींनीही वाचावी, कारण चार वर्षे थर्मोडायनॅमिक्स आणि काँक्रीटचे ठोकळे करून त्यांतले बरेच जण शेवटी इथेच येतात. पालकांनी नाही वाचली तर बरे.

आकडे दोन असतात

आयटीतल्या पगाराला पॅकेज म्हणतात. त्याचे कागदावरचे नाव सीटीसी, म्हणजे तुम्हाला वर्षभर ठेवायला कंपनीला एकूण किती खर्च येतो तो आकडा. दुसरा आकडा इन-हँड, म्हणजे महिनाअखेरीस बँकेचा एसएमएस येतो त्यातला. पहिला बोलायचा असतो, दुसऱ्यात जगायचे असते. पहिल्यावर कॉलेजचा, काकांचा, क्लासवाल्यांचा आणि वधू-वर सूचक मंडळाचा हक्क, दुसऱ्यावर घरमालकाचा. नवशिके सर्वप्रथम काय करत असतील, तर पहिल्या आकड्याला बाराने भागतात. साडेतीन लाख भागिले बारा, एकोणतीस हजार एकशे सहासष्ट. गणितात पूर्ण गुण.

ऑफर लेटरचे पहिले पान अभिनंदनाचे असते. ते आईला द्यावे. ती त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकेल आणि दुपारपर्यंत जळगावच्या मावशीपासून सांगलीच्या आत्यापर्यंत सगळ्यांचे फुगे, फटाके आणि हात जोडलेली चित्रे येतील. तुम्ही तोवर शेवटचे पान उघडावे, ज्यावर ‘ॲनेक्शर’ असे लिहिलेले असते. अक्षर बारीक असते. चष्मा असल्यास लावावा.

समजा, तुमचे बेसिक महिन्याला 15,000 आहे. पहिली ओळ व्हेरिएबल पे, पॅकेजच्या 10 टक्के धरू, म्हणजे 35,000 रुपये. हे मिळणे कंपनीची कामगिरी, तुमच्या युनिटची कामगिरी आणि तुमची स्वतःची कामगिरी यांवर अवलंबून असते. तिन्ही एकाच तिमाहीत चांगल्या निघणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. दुसरी ओळ ग्रॅच्युइटी. 26 दिवसांचा महिना धरून 15 दिवसांचे बेसिक, म्हणजे वर्षाला 8,654 रुपये. ही रक्कम एकाच कंपनीत सलग पाच वर्षे काढली तर मिळते, आणि आयटीत पाच वर्षे एका जागी राहिलेल्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच बघतात. तिसरी ओळ गटविम्याचा हप्ता, समजा 6,000. तो वसूल करायचा तर आजारी पडावे लागते. तिन्हींची बेरीज करा: 49,654. हाच तो साडेतीनातला अर्धा.

उरले तीन लाख आणि वर किरकोळ. त्यातून कंपनीच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड, बेसिकच्या 12 टक्के, वर्षाचे 21,600. पैसे तुमचेच आहेत, फक्त आत्ता नाहीत. बाकीला आता बाराने भागायला हरकत नाही: 23,229. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 1,800 आणि राज्य सरकारचा व्यवसाय कर 200. हाती आले 21,229. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी, कारण महाराष्ट्रात वर्षाचे 2,500 पुरे करायला त्या महिन्यात 300 कापतात. महिना सगळ्यांत लहान आणि कर सगळ्यांत मोठा, असे का, हे एचआरला विचारू नये. त्यांनाही माहीत नसते. मुलींना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर एप्रिल 2023 पासून माफ आहे, त्यांनी दोनशे रुपये वाढवून धरावेत. आयकराची चिंता मुळीच नको. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर लागत नाही. ती सवलत ज्यांच्यासाठी जाहीर झाली त्यांच्यापासून तुम्ही अजून पुष्कळ लांब आहात.

जाता जाता: इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे सुचवले होते. 21,229 ला महिन्याच्या तेवढ्या तासांनी भागून पाहा. तासाला 70 रुपये पडतात. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

तोळ्यातले गणित

साडेतीन हा आकडा नवा नाही. 2011 च्या सुमाराला मोठ्या आयटी कंपन्या नवख्याला सव्वातीन लाखांच्या आसपास देत. त्यानंतर टीसीएसचा ‘निंजा’ गट 3.36 लाखांवर आणि इन्फोसिसचा सिस्टीम इंजिनिअर 3.6 लाखांवर येऊन थांबला. मधल्या काळात निंजाच्या वर ‘डिजिटल’ आणि ‘प्राइम’ असे गट निघाले, सातापासून नऊ-अकरा लाखांपर्यंतचे, आणि पेपरात बातमी नेहमी त्यांचीच येते. पण बस भरून पोरे ज्या गटात जातात तो खालचा. कॉग्निझंटची 2.52 लाखांची जाहिरात ऑगस्ट 2024 मध्ये एवढी गाजली की कंपनीला खुलासा करावा लागला: हे पॅकेज इंजिनिअरांसाठी नाही, तीन वर्षांच्या साध्या पदवीवाल्यांसाठी आहे. बी. एस्सी.वाल्यांनी तो खुलासा कोणत्या चेहऱ्याने वाचला असेल ते असेल.

महागाईचे आलेख पाहायची गरज नाही. आपल्याकडे हिशेब तोळ्यात करतात, तोच करावा. 2011 मध्ये सोने तोळ्याला पंचवीस-सव्वीस हजारांच्या घरात होते. नवख्याच्या वर्षाच्या पॅकेजमध्ये बारा तोळे यायचे. 2025 मध्ये सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. त्या टप्प्यावर साडेतीन आले. पुन्हा साडेतीनच!

असे का, याचे उत्तर ‘कंपन्या कंजूष’ एवढेच नाही. इन्फोसिसच्या संचालक मंडळावर राहिलेले मोहनदास पै यांनीही नवख्यांचा पगार वर्षानुवर्षे गोठल्याबद्दल कंपन्यांना जाहीरपणे सुनावले आहे, त्यामुळे तक्रार काही तुमची एकट्याची नाही. पण धंद्याची घडीच तशी आहे. परदेशी ग्राहक तासांचे पैसे मोजतो. त्याला दाखवायला वर थोडे अनुभवी लागतात आणि खाली भरपूर स्वस्त हात. नवख्याला कंपनी तसेही तीन-चार महिने पहिल्यापासून शिकवते, मग तो कुठल्या कॉलेजातून आला याने तिला फारसा फरक पडत नाही. आणि एक जण नको म्हणाला तर त्याच्या मागे रांग उभी असते. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात एका कंपनीच्या वॉक-इनबाहेर लागलेल्या रांगेचा व्हिडिओ देशभर फिरला. हातात फाइल, गळ्यात सॅक, डोक्यावर ऊन. अशी रांग खिडकीतून दिसत असताना पगार वाढवण्याचा विचार कोणत्या एचआरच्या मनात येईल?

फ्लेक्सचे वाचन

कॉलेजच्या गेटवरचा फ्लेक्स हा प्रवेशाच्या मोसमात वाचायचा मजकूर आहे. ‘हायेस्ट पॅकेज 44 लाख’ असे लिहिलेले असेल तर समजावे की असा विद्यार्थी एक होता. त्याचा फोटो मोठा असतो, बाकीच्यांचे पासपोर्ट साइजचे. त्या 44 मध्ये चार वर्षांत मिळणारे शेअर आणि एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस धरलेला असतो, त्यामुळे 44 लाखवाल्याचाही इन-हँड हा वेगळाच विषय आहे. ‘ॲव्हरेज’ कधी विचारू नये. एकाचे 44 आणि बाकी सगळ्यांचे साडेतीन यांची सरासरी चांगलीच येते. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, असे विचारावे. प्लेसमेंट ऑफिसर तुम्हाला चहा देतील.

‘98 टक्के प्लेसमेंट’ची रीतही ठाऊक असावी. आधी ज्यांना केटी आहे ते वगळायचे. मग साठ टक्क्यांची अट बसत नाही ते वगळायचे. मग ‘प्लेसमेंटमध्ये रस नाही’ अशा फॉर्मवर ज्यांच्या सह्या घेतल्या ते वगळायचे. एका मुलीला तीन ऑफर आल्या असतील तर त्या तीन मोजायच्या. उरलेले दोन टक्के कुठून येतात, हेच मग कळेनासे होते.

निवड

यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पहिली फेरी ॲप्टीची. नाव प्रवाहाविरुद्ध किती वेगाने जाईल आणि दोन नळांनी टाकी किती तासांत भरेल, हे ज्याला येते तोच पुढे क्लाउडवर काम करू शकतो, असा या क्षेत्राचा विश्वास आहे. नंतर कोडिंग. नंतर मुलाखत, ज्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल विचारतात. तुमचा प्रोजेक्ट चेहरा ओळखून हजेरी लावण्याचा असेल तर तसे सांगावे. समोरच्याने त्या दिवशी तो सहाव्यांदा ऐकलेला असतो. तो फक्त मान हलवेल. प्रोजेक्ट तयार विकत आणला असेल तर निदान एकदा चालवून पाहावा.

एचआरच्या फेरीत तीनच प्रश्न असतात. कुठेही जायची तयारी आहे का, रात्रपाळी चालेल का आणि कोणत्याही टेक्नॉलॉजीवर काम कराल का. तिन्हींचे उत्तर ‘येस सर’. प्रत्यक्षात कोणती टेक्नॉलॉजी मिळेल ते त्यांनाही माहीत नसते. जावा शिकलेला पोरगा रात्री दोन वाजता कुठल्याशा परदेशी विमा कंपनीची तिकिटे बंद करत बसतो. तिकिटे म्हणजे तक्रारी. प्रवास नव्हे.

काकांना कसे सांगावे

ऑफर मिळाल्यानंतर पहिल्या लग्नसमारंभात हा प्रसंग येतोच. त्याचा नमुना पुढे दिला आहे. पंगतीत बसण्यापूर्वी दोनदा म्हणून पाहावा.

काका: मग काय, इंजिनिअर साहेब! किती पॅकेज मिळालं रे?

तुम्ही: साडेतीन, काका.

काका: महिन्याला?

इथे लगेच ‘नाही’ म्हणू नये. मठ्ठ्याचा एक घोट घ्यावा. काकांच्या शेजारी एखादे वडीलधारे बसलेले असतील आणि त्यांना लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर दोन घोट.

तुम्ही: वर्षाला, काका. पण सुरुवात आहे.

काका: अरे, एवढा तर आमच्या झेडपीतल्या शिपायाला मिळतो!

हे बहुधा खरे असते. वाद घालू नये. ‘त्यात ग्रोथ नाही ना काका’ असे म्हणावे आणि जिलबी मागावी. ग्रोथ हा शब्द इंग्रजी असल्याने तो एक-दोन वर्षे पुरतो.

मुलीला हाच प्रश्न थोडा वेगळा येतो. तिला पॅकेज विचारत नाहीत, ‘कंपनीची बस घ्यायला-सोडायला येते ना गं?’ असे विचारतात. राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. त्यामुळे पुढच्या काही बॅचमध्ये कर्जाचा हप्ता नसलेल्या मुली आणि हप्ता असलेले मुलगे एकाच पगारावर एकाच मजल्यावर बसतील. काका तेव्हा काय विचारतात ते पाहायचे.

ऑफर लेटर आणि नोकरी यांतील अंतर

ही मार्गदर्शिकेतली सगळ्यांत महत्त्वाची बाब. ऑफर लेटर हातात आले म्हणजे नोकरी लागली, असे समजू नये. त्यात जॉइनिंगची तारीख ‘बिझनेसच्या गरजेनुसार’ कळवू, असे असते. ही गरज कधी लागेल ते तुमच्या हातात नसते.

2021-22 मध्ये ती फार लागली होती. कोविडनंतर सगळ्या जगाला एकदम डिजिटल व्हायचे होते. एकट्या टीसीएसने त्या वर्षी सुमारे एक लाख नवखे घेतले, इन्फोसिसने 85,000. कॉलेजांनी फ्लेक्सचे ठेके वाढवले, पहिल्या पसंतीला कॉम्प्युटर टाकणाऱ्यांची सीईटीच्या फेऱ्यांत झुंबड उडाली. त्याच इन्फोसिसने 2023-24 मध्ये जेमतेम 11,900 घेतले आणि टीसीएसची एकूण माणसे वर्षअखेरीस 13,000 ने घटली. झुंबडीत आत शिरलेली मुले बरोबर त्यानंतर पास होऊन बाहेर पडली.

प्रतीक्षेचा मानदंड म्हणून इन्फोसिसची 2022 ची बॅच ध्यानात ठेवावी. त्या वर्षी ऑफर मिळालेल्या सुमारे 2,000 जणांना जॉइनिंग मिळेपर्यंत 2024 उजाडले, तेही पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केल्यानंतर. मधल्या दोन वर्षांत घरी ‘मेल आला का?’ हा प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर आणि रात्री जेवणानंतर विचारला जातो. या काळात स्पॅमचा फोल्डर तपासत राहावे. शेजाऱ्यांना ‘वर्क फ्रॉम होम आहे’ असे सांगता येते. हे एक वर्षभर चालते, पुढे चालत नाही, कारण शेजारी मोबाइलचे रिचार्ज करायला तुम्हाला बोलावू लागतात आणि तुम्ही नेहमीच मोकळे असता.

काही वेळा मेल येतो आणि त्यात वेगळाच आकडा असतो. विप्रोने फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्यांना विचारले होते की साडेतीन लाखांवर लगेच येता का. इथेही साडेतीनच. अशा मेलला उत्तर देण्यापूर्वी घरी सांगू नये. काकांना साडेसहा आधीच सांगून झालेले असते.

वाट पाहण्याच्या काळात काय करावे

क्लास लावावा, असे सगळे सांगतात. पुण्यात डेक्कनला, कर्वेनगरला दर दोन इमारतींमागे एक क्लास सापडतो. पूर्वी तिथे जावा आणि टेस्टिंग शिकवत. आता त्याच फलकावर ‘एआय’ रंगवले आहे, शिकवणारे सर तेच. तुलनेने खात्रीचा रस्ता सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या पदविकेचा. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि परम महासंगणक बनवणाऱ्या या संस्थेत सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन शिरता येते. सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यास असतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे राहून गेले ते तिथे सहा महिन्यांत करून घेतात. ते पाहिल्यावर मधली साडेतीन वर्षे कुठे गेली, असा प्रश्न पडतो. अंकगणितात पडतोच.

टेलिग्रामवरचे ‘बल्क हायरिंग’ ग्रुप मात्र डोळे उघडे ठेवून वाचावेत. कंपनीचे नाव मोठे, पत्ता जीमेलचा आणि ‘लॅपटॉपचे डिपॉझिट 2,500 रुपये, रिफंडेबल’ असे तिसऱ्या ओळीत असेल तर पुढे जाऊ नये. खरी कंपनी तुमच्याकडून नोकरीसाठी पैसे घेत नाही. ती पगारातच काय ते करते. ‘दोन लाखांत बॅकडोर एंट्री’ आणि ‘तीन वर्षांचा एक्सपिरियन्स लावून देतो’ म्हणणारेही भेटतील. त्यांना पीएफचा यूएएन नंबर म्हणजे काय ते विचारावे. तुम्ही कधी, कुठे, किती महिने पगार घेतला हे त्यात नोंदलेले असते आणि पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी सगळ्यांत आधी तेच पाहते.

प्रशिक्षण

अखेर मेल आला आणि इन्फोसिसच्या प्रशिक्षणाला मैसूरला जायचे ठरले, तर जावे. 337 एकरांचा कॅम्पस आहे, हिरवळ आहे, पोहण्याचा तलाव आहे, गोल घुमटाखाली मल्टिप्लेक्स आहे. फोटो भरपूर काढावेत, स्टेटसला ठेवावेत; पुढच्या काही वर्षांत इतके चांगले फोटो येणार नाहीत. पण परीक्षा विसरू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये याच कॅम्पसवरच्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत तिसऱ्या प्रयत्नातही नापास झाल्याने कंपनीने घरी पाठवले. त्यांत दोन वर्षे थांबलेल्या 2022 च्या बॅचचीही मुले होती. तीन संधी देणे हे आमचे जुने धोरण आहे, असे कंपनीने सांगितले. विद्यापीठात केटीला तीनहून अधिक संधी मिळतात, हे इथे आठवून उपयोग नाही.

या कंपनीचा जन्म 1981 मध्ये पुण्यातच, सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर झाला. आज तेवढ्यात वाकडला डिपॉझिटसकट कॉट मिळत नाही.

कॉट बेसिस

हिंजवडीला पोस्टिंग मिळाले तर राहण्याची सोय ‘कॉट बेसिस’वर करावी. खोली तिघांची, भाडे कॉटचे. वाकड-हिंजवडी पट्ट्यात सात ते दहा हजार. कॉट खिडकीजवळची मागावी, कारण चार्जिंगचा पॉइंट तिथेच असतो. कपाटाचा कप्पा एक. घरून आणलेले लोणचे आणि चिवड्याचा डबा कॉटखाली ठेवतात, पण रूम पार्टनरला तो कुठे आहे हे तुमच्याआधी कळते.

मेस लावावी. काकूंशी पहिल्या दिवसापासून आदराने बोलावे. पुण्यात टिकणे न टिकणे एचआरवर नाही, मेसच्या काकूंवर अवलंबून आहे. ताटात तीन पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात. चौथी पोळी विचारून मिळते. मंगळवारी बटाटा, बुधवारी मटकी, गुरुवारी पुन्हा बटाटा, फक्त पिवळ्याऐवजी लाल. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. फीस्टला पुरी, श्रीखंड, पनीर. नवखे पोरगे पोटभर जेवून झोपते आणि रात्री नऊला भूक लागल्यावर वडापाव शोधत फिरते. अनुभवी माणूस दुपारीच दोन पुऱ्या रुमालात बांधतो. काकूंना दिसते, त्या बघत नाहीत.

हिशेब: कॉट 8,000, मेस 3,500, बस किंवा शेअर रिक्षा 1,500, मोबाइल 300, घरी पाठवायचे 4,000. उरतात चार हजारांच्या आत. त्यातून ऑफिसात कुणाचे ना कुणाचे फेअरवेल आणि वाढदिवसाची वर्गणी. शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचा हप्ता इथे यायला हवा, पण या रकान्यात जागा नाही. पहिल्या पगारात आईला साडी आणि बाबांना शर्ट घ्यायचा असतो, तो खर्च वेगळा. त्याला बजेट लावू नये.

बेंच

प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला बेंचवर आहे असे म्हणतात. पूर्वी हा आनंदाचा काळ होता. पगार चालू, काम नाही, कॅन्टीनमध्ये कॅरम. आता तसे राहिले नाही. टीसीएसने जून 2025 मध्ये नियम केला की वर्षात किमान 225 दिवस बिल होणारे काम हवे आणि बेंचवर 35 दिवसांहून जास्त नको. पुढच्याच महिन्यात सुमारे 12,000 जण कमी करण्याची घोषणा झाली, बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले. म्हणजे तुम्ही नवखे म्हणून वाचलात. पण ज्या पदावर पोचण्यासाठी तुम्ही साडेतीनवर आलात ते पद आता फारसे सुरक्षित नाही, हे ध्यानात असू द्यावे.

एआयबद्दल एकच सूचना. नवख्याला पूर्वी जे पहिले काम मिळे, म्हणजे छोटे बग दुरुस्त करणे, टेस्ट केस लिहिणे, जुन्या कोडवर टिपा लिहिणे, ते आता यंत्र बऱ्यापैकी करते. तेव्हा ते काम यंत्राकडून करून घ्यावे, पण त्याने काय केले हे समजून घ्यावे. मॅनेजर सोमवारी सकाळी ‘हे असं का लिहिलंस?’ विचारतो तेव्हा यंत्र मीटिंगला नसते.

स्विच

दीड-दोन वर्षांनी स्विच करावा. कंपनीच्या आतली वाढ पाच-सात टक्क्यांची असते; बाहेर उडी मारली तर तीस टक्के मागता येतात. पुण्यात खराडी, बाणेर, मगरपट्ट्यात परदेशी बँका आणि कंपन्यांनी स्वतःची केंद्रे उघडली आहेत. ती माणसे थोडी घेतात, पण पगार बरा देतात, आणि त्यांना नवखा नको असतो. साडेतीनवर दोन वर्षे तयार झालेला हवा असतो. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो आणि नव्या कंपनीला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. मधले पंचाहत्तर दिवस दोन्हीकडच्या एचआरशी गोड बोलून काढावेत.

फोनवर पहिलाच प्रश्न येतो, ‘करंट सीटीसी?’ इथे दबकू नये. दोन वर्षे तुम्हाला न मिळालेला व्हेरिएबल, पाच वर्षे पुरी न झाल्याने सोडून द्यायची ग्रॅच्युइटी आणि आजारी न पडल्याने वाया गेलेला विमा, हे सगळे त्या आकड्यात धरून ठणकावून सांगावे. तीस टक्के त्याच्यावर मोजतात, बँकेच्या एसएमएसवर नाही. फोन ठेवण्याआधी पलीकडून मागच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप मागतील. त्या पीडीएफमध्ये काढून ठेवाव्यात. फेब्रुवारीची स्लिप त्यांत असेल तर शंभर रुपये कमी का, हे विचारतील. उत्तर वर दिलेच आहे.